वरचे, खालचे आणि मधली धार

आईचं माहेर आणि बाबांचं गाव यांच्यात नकाशावर सरळ रेघ मारली तर बारा-तेरा किलोमीटर भरतात. परवा चिंचपोकळीला लोकलची वाट बघत उभी होते तेव्हा मोबाईलवर मोजलं. म्हणजे आमच्या लालबागहून अंधेरीला जायचं तेवढंच जवळपास. आणि तरी १९७३ साली आई लग्न होऊन पहिल्यांदा सासरी निघाली तेव्हा तिला पोचायला दोन दिवस लागले, कारण दोडामार्गाकडून आधी सावंतवाडी, मग आंबोलीचा घाट चढून वर, तिथे पुढची एसटी चुकली म्हणून मुक्काम, दुसऱ्या दिवशी चंदगडची गाडी आणि शेवटचं अंतर पायी. रामघाटाने सरळ चढून आलो असतो तर सकाळी निघून दुपारी जेवायला घरी, असं बाबा शेवटपर्यंत म्हणायचे. पण नव्या नवरीला ट्रंक घेऊन घाट कोण चढायला लावणार.

मधे काय आहे, तर सह्याद्रीची धार.

लहानपणी मला वाटायचं डोंगर म्हणजे चित्रात काढतो तसा, एका बाजूने चढायचं आणि दुसऱ्या बाजूने उतरायचं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही आधी खाली आजोळी जायचो आणि मग वर बाबांच्या गावी, आणि घाट चढून आला की मी खिडकीतून उताराची वाट बघत बसायचे, तो यायचाच नाही. गाडी आपली सपाटीवरून चाललीय, दोन्हीकडे काजू, मधेच भाताची खाचरं, लांबवर हिरव्या टेकड्या, आणि उतार कुठेच नाही. बाबांना विचारलं तर ते म्हणाले आता उतार नाही, आता थेट असंच. खूप वर्षांनी मला त्याचा अर्थ कळला. सह्याद्री हा मुळात दोन बाजू असलेला डोंगरच नाही, ती दख्खनच्या पठाराची पश्चिमेकडची झिजलेली कड आहे. कोकणातून बघितलं तर सहा-सातशे मीटरची भिंत, आणि वर जाऊन बघितलं तर भिंत गायब, नुसतं गाव आणि शेतं. त्यामुळे खालच्या माणसाला सह्याद्री रोज दिसतो आणि वरच्या माणसाला तो कडेला जाऊन उभं राहिल्याशिवाय दिसतच नाही. आई आणि बाबा डोंगराबद्दल बोलायचे ते दोन वेगळ्या वस्तूंबद्दल बोलल्यासारखं का असायचं, ते मला तेव्हा उलगडलं. आईला डोंगर म्हणजे ज्याच्यामागून सूर्य उशिरा येतो ते. बाबांना डोंगर म्हणजे जिथे जमीन संपते ते.

ही अख्खी रांग गुजरातेत डांगच्या बाजूला सुरू होते आणि महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ, तामिळनाडू करत कन्याकुमारीपर्यंत जाते, सोळाशे किलोमीटर, सहा राज्यं. मुंबईत आपण सह्याद्री म्हटलं की लोणावळा, माळशेज, राजमाची, ट्रेकचे फोटो, एवढंच डोळ्यासमोर आणतो. मला मात्र तिचा एक तुकडा पाठ आहे. आंबोलीपासून खाली दक्षिणेला चोर्ल्यापर्यंतचा. इथे वर कोल्हापूर जिल्ह्यातला चंदगड, त्याला लागून कर्नाटकातलं खानापूर, खाली सिंधुदुर्गातला दोडामार्ग आणि त्याला लागून गोव्याचा सत्तरी. चार तालुके, तीन राज्यं, आणि एकच जंगल. चोर्ला घाटात गाडी वळणं घेत असताना पूर्वी मोबाईलवर मेसेजवर मेसेज यायचे, कर्नाटकात स्वागत, गोव्यात स्वागत, आणि प्रत्येक वळणावर रोमिंगचं काय ते. बाहेर बघावं तर तीच झाडी, तेच धुकं.

दगडसुद्धा इथे बदलतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर, ज्याच्यावर नाशिक-पुण्याचे सगळे किल्ले उभे आहेत, तो काळा पाषाण बेळगावच्या आसपास पातळ होत होत संपतो आणि त्याच्याखालचे कितीतरी जुने खडक वर येतात. आणि माथ्यावर जिकडेतिकडे जांभा. वर त्याचे सपाट सडे, उन्हाळ्यात तापून लालकाळे, पाय ठेववत नाही, आणि पावसाळ्याच्या शेवटी त्याच सड्यांवर इतकी बारीक बारीक फुलं की पाय ठेवावासा वाटत नाही. खाली आजोळचं घर त्याच जांभ्याच्या चिऱ्यांचं. मामा म्हणायचा चिरा खाणीतून काढताना मऊ असतो, हवा लागली की कडक होत जातो.

पाण्याचं सांगायचं राहिलं, आणि खरं तर सगळं तिथेच आहे. जूनमध्ये समुद्रावरून वारा येतो, या भिंतीला अडतो, वर चढतो, थंड होतो आणि सगळं ओझं तिथेच टाकतो. आंबोलीला वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आपल्या मुंबईत, जिथे एका दिवसाच्या पावसात हिंदमाताला कमरेएवढं पाणी होतं, तिथे पूर्ण वर्षात बावीसशे-तेवीसशे. म्हणजे आंबोलीला मुंबईच्या तिप्पट. आणि तिथून पूर्वेला बेळगावला गेलात तर बाराशे-तेराशेवर येतो. तासा-दीड तासाच्या रस्त्यात एवढा फरक. माझा आज्जा, बाबांचे वडील, म्हणायचा की ढग धारेवर येईपर्यंत सावकार असतो, पलीकडे गेला की भिकारी.

पडलेलं पाणी मग वाटून घेतलं जातं. धारेच्या पूर्वेला पडलेलं घटप्रभेत, ताम्रपर्णीत, हिरण्यकेशीत, मलप्रभेत जातं, तिथून कृष्णेत, आणि सगळं पठार ओलांडून आंध्रच्या किनाऱ्याला बंगालच्या उपसागरात. पश्चिमेला पडलेलं तिलारीतून, म्हादईतून दोन-तीन दिवसांत अरबी समुद्रात. आज्जाने मला एकदा भर पावसात, इरलं घालून, कड्यापर्यंत नेलं होतं. मी सातवीत असेन. ओढा कड्यावरून खाली पडायच्या ऐवजी वाऱ्याने उलटा वर फेकला जात होता, आमच्या तोंडावर, मागच्या शेतात. आंबोलीजवळ कावळेसादला लोक आता हे बघायला गर्दी करतात, आमच्याकडे तेव्हा ते बघायला कोण जाणार. आज्जा म्हणाला, बघ, कोकणात निघालं होतं, वाऱ्याने परत आणलं, आता ते बेळगावकडे जाईल. मला ते इतकं आवडलं होतं. अजून आवडतं. आत्तापर्यंत मी जेवढं भूगोलाचं वाचलंय त्यात जलविभाजक हा शब्द आला की माझ्या तोंडावर ते गार पाणी येतं.

आज्जाने घर कधी बदललं नाही, तरी त्याच्या पत्त्यातली गावापुढची प्रत्येक ओळ बदलत गेली. तो जन्मला तेव्हा चंदगड बेळगाव जिल्ह्यात होतं, मुंबई इलाख्यात. धारेखाली सावंतवाडी संस्थान, आणि दक्षिणेला थोडं सरकलं की पोर्तुगीजांचा गोवा, म्हणजे परदेशच. १९४८ ला संस्थान विलीन झालं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली तेव्हा बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, फक्त चंदगड तालुका तेवढा वगळून इकडे ठेवला आणि कोल्हापूरला जोडला. १९६० ला महाराष्ट्र झाला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९८१ ला खालचा भाग रत्नागिरीतून निघून सिंधुदुर्ग जिल्हा झाला. एवढं सगळं एका माणसाच्या आयुष्यात. आणि त्याचा बाजार? तो मरेपर्यंत बेळगावच. डॉक्टर बेळगावचा, लग्नाचा बस्ता बेळगावचा, कोर्टाची कामं मात्र जवळचं बेळगाव सोडून कितीतरी लांबच्या कोल्हापूरला. सीमाभागाचा दावा महाराष्ट्राने २००४ ला सुप्रीम कोर्टात नेलाय, आणि आमच्या घरातली माणसं आजही रताळी घेऊन सोमवारी बेळगावला जातात आणि संध्याकाळी परत येतात.

धारेवर सगळ्यात टोकाला पारगड आहे. शिवाजीमहाराजांनी पोर्तुगीजांवर नजर ठेवायला हा किल्ला राखला आणि तानाजी मालुसऱ्यांचा मुलगा रायबा इथे किल्लेदार होता असं तिथले लोक सांगतात, गडावर अजून वस्ती आहे, तीच जुनी घराणी. मी तटावर उभी राहून खाली बघते तेव्हा दरवेळी हेच वाटतं की इथून समोर जे हिरवं दिसतंय त्यात गोवा कुठे सुरू होतो हे कुणी बोट दाखवून सांगू शकणार नाही. पण सांगावं लागलंय. १५ ऑगस्ट १९५५ ला नि:शस्त्र सत्याग्रही गोव्याच्या हद्दीत शिरले तेव्हा पत्रादेवीला त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. ते ठिकाण आजोळहून फार लांब नाही. आईच्या आजीला त्या दिवसांतली रात्रीची कुजबुज आठवायची, कोण कोणाकडे लपलंय, कोणाला कोणत्या पायवाटेने पलीकडे सोडायचं. बायाबापड्या मीठ आणि सुकी मासळी घेऊन वर चढायच्या, वरून गूळ, मिरची खाली यायची, त्या पायवाटांना नाकी नव्हती. त्याच वाटा मग कामाला आल्या.

आता लालबागचं सांगते, कारण ही धार मी पहिल्यांदा तिथेच ओलांडली. बाबांच्या गावकीचा गाळा होता, एक खोली, त्यात शिफ्टप्रमाणे झोपणारी वीस-पंचवीस माणसं, भिंतीला लागून ट्रंका एकावर एक. सगळी गिरणीतली. समोरच्या चाळीत खालच्यांचा गाळा, दोडामार्ग-सावंतवाडीकडच्यांचा, तिथे आईचे काका. मधे चौक आणि नळ. आईबाबांची सोयरीक त्या नळावर जुळली असं म्हणायला हरकत नाही, म्हणजे काकांनी बाबांना पाणी भरताना बघून बघून पसंत केलं. खालच्यांमधल्या काही जणांना ते रुचलं नव्हतं. घाटी म्हणजे काय हे मुंबईत कुणाला सांगायला नको, तो शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि मी तो शाळेत ऐकलाय, बाबांनी गिरणीत ऐकलाय. घाटावर राहणारा एवढाच त्याचा अर्थ. ज्या रांगेमुळे कोकणात नद्या आहेत त्या रांगेवर राहणारा माणूस. मला त्या शब्दाची कधीच लाज वाटली नाही आणि माझ्या मुलीलाही मी तेच सांगितलंय.

घरात तीन मराठ्या चालायच्या. मी बाहेरून आले की आई विचारणार, खंय गेल्लंय? बाबा विचारणार, खट्टे गेल्लीस? आणि शाळेत बाई विचारणार, कुठे गेली होतीस? एकाच प्रश्नाला तीन शब्द. खंय खाली, खट्टे वर, आणि कुठे आमच्या मुंबईत. स्वयंपाकघरातही तसंच, आईची तांदळाची भाकरी आणि कुळथाची पिठी, बाबांना नाचण्याची भाकरी आणि खर्डा. १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा गाळे रिकामे व्हायला लागले, वरचे वर गेले आणि खालचे खाली गेले. आम्ही राहिलो. त्या वर्षभर आमच्या घरी वरून नाचणी यायची आणि खालून तांदूळ, आणि आम्ही जगलो. दोन्ही धान्यं एकाच पावसाची, धारेच्या दोन अंगांची.

मग हत्ती आले. २००२ साली कर्नाटकच्या जंगलातून मांगेलीच्या बाजूने ते दोडामार्गात उतरले, तिथून तिलारीच्या खोऱ्यात, पुढे काही वर चंदगड-आजऱ्याकडे. इकडे कोणाच्या हयातीत हत्ती नव्हता. मामाची केळीची बाग एका रात्रीत आडवी झाली, माड मोडले. त्याचं नुकसान फार मोठं होतं, ते भरून यायला कितीतरी वर्षं गेली, आणि तरी त्या सकाळी तो बांधावर उभा राहून आधी हात जोडून म्हणाला, गणपती येऊन गेलो. मग बसून रडला. या दोन्ही गोष्टी मी आईकडून ऐकल्या आणि मला दोन्ही तितक्याच खऱ्या वाटतात. हत्तीचं पुढे काय झालं, तर तो आज या राज्यात असतो आणि उद्या त्या राज्यात, कागद इथले वेगळे, तिथले वेगळे. हाकलणारी माणसं हद्दीपर्यंत जातात आणि थांबतात.

वाघांचंही तेच. गोव्याचं म्हादई अभयारण्य १९९९ चं, दोनशे आठ चौरस किलोमीटर. त्याला लागून कर्नाटकाचं भीमगड, २०११ चं. त्याला लागून आपल्या तिलारीच्या जंगलाचा तुकडा, २०२० ला राखीव केलेला, एकोणतीस-तीस चौरस किलोमीटर. तीन नावं, तीन फलक, आणि वाघ एकच, राधानगरीपासून खाली कर्नाटकातल्या काळी नदीच्या जंगलापर्यंत या धारेनेच तो येतो-जातो. २०२० च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीला एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले, विष घातलेलं. गुरं मारली गेल्याच्या रागातून. मी ती बातमी डबा खाताना वाचली आणि पुढचं खाणं झालं नाही. गुरं गेलेल्या माणसाचा राग मी मामाच्या बागेमुळे समजू शकते. पण चार वाघ म्हणजे फक्त गोव्याचे गेले असं नाही, आमच्या वरच्या जंगलाचेही तेच होते.

आणि म्हादई. ती उगम पावते खानापूरच्या जंगलात, वाहते गोव्यात, पणजीला मांडवी होऊन समुद्राला मिळते, आणि तिचे काही ओढे आपल्या दोडामार्गातून येतात. तिच्या शेजारीच कणकुंबीला मलप्रभा उगम पावते, पण ती तोंड फिरवून पूर्वेला जाते, कोरड्या मुलखात. कर्नाटकाचं म्हणणं, म्हादईचं थोडं पाणी मलप्रभेत वळवू द्या, हुबळी-धारवाडला प्यायला नाही. गोव्याचं म्हणणं, आमची हीच तर नदी. लवादाने १४ ऑगस्ट २०१८ ला निकाल दिला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट पाणी), गोव्याला २४, महाराष्ट्राला १.३३, आणि वाद मिटला नाहीच. मी कोणाची बाजू घ्यावी? धारवाडची तहान खोटी नाही, सत्तरीतली माणसंही खोटं बोलत नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे की त्या सगळ्या आकड्यांत वरचं जंगल कुठेच नाही. पाणी टीएमसीत मोजतात, पण ते पाणी जूनपासून धरून ठेवून मार्चपर्यंत सोडणारी जी झाडी आहे, ते सडे, दोडामार्गातल्या बांबर्ड्याला आहे तशी चिखलात गुडघे वर काढून उभी असलेली रानजायफळाची राई, त्यांना वाट्यात धरलेलंच नाही. २०११ ला माधव गाडगीळ समितीने पहिल्यांदा ही सहा राज्यांतली रांग एकसंध धरून अहवाल दिला, तेव्हा राज्यांनी आपापला तुकडा पुढे करून विरोध केला. मामाच्या गावात सभा झाल्या होत्या, लोक घाबरले होते की आता घराला चिरासुद्धा काढता येणार नाही. त्यांच्याशी कोणी नीट बसून बोललं असतं तर, असं मला अजून वाटतं. चिरा कसा काढायचा आणि राई कशी राखायची, दोन्ही त्यांनाच तर येत होतं.

आपण मुंबईकरांनी यात बोलावं का, असं मला एकदा ऑफिसमधल्या मैत्रिणीने विचारलं. मी तिला म्हटलं, तुझ्या बिल्डिंगला सकाळी पाणी येतं ते भातसा, वैतरणा, तानसाचं, आणि भातसा-वैतरणेचा उगम याच धारेच्या उत्तरेकडच्या तुकड्यात आहे. ती म्हणाली मला वाटायचं पाणी भांडुपहून येतं. भांडुपला नुसतं शुद्ध होतं, येतं या धारेकडून.

बाबा जाऊन सहा वर्षं झाली. आई आता पंच्याहत्तरीला आलीय, गुडघ्यांमुळे घाटाचा प्रवास होत नाही, लालबागच्याच खोलीत असते, चाळीचा टॉवर व्हायचाय. पण तिचा एक नेम अजून चुकलेला नाही. मृग लागला की ती मोबाईल उशाशी घेऊन बसते. आधी खालून मामाचा फोन येतो. मग वरून चुलतभावाचा. कालनिर्णयावर त्या तारखेच्या चौकोनात ती पेन्सिलने दोन वेळा लिहिते, खालची खाली आणि वरची वर. जुनी कालनिर्णयं तिने पलंगाखाली ठेवलीत, मी एकदा काढून बघितली, बहुतेक वर्षी दोन्ही वेळांत अर्धा-पाऊण तासाचं अंतर आहे. पाऊस घाट चढायला तेवढा वेळ घेतो.

यंदा मामाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. पावस लागलो गो, एवढंच म्हणाला, मागे पत्र्यावर आवाज इतका की पुढचं काही कळलं नाही. आईने वेळ लिहिली. मी म्हटलं चल, जेवून घेऊ. तिने हात केला आणि पेन्सिल तशीच धरून ठेवली.

"थांब," म्हणाली. "वर पोचू दे."